वाकल्यावर उलटू नये असा साज

कोल्हापूरच्या गुजरीत पोचले तेव्हा सराफांची पोरं दुकानांच्या काचा पुसत होती. काचेमागं सोन्याचे साज झळकत होते. साज म्हणजे इथल्या बायकांचा गळ्यातला मानाचा दागिना. पण अमरावतीहून निघतानाच मी ठरवलं होतं, काचेतला साज नंतर. आधी तो करणारे हात बघायचे. पाटी दुकानदाराची असते आणि घाम दुसऱ्याचा, याची मला चीड आहे.

मागच्या बोळात पटवेकऱ्यांचं घर सापडलं. पटवेकरी म्हणजे मणी आणि पानं (साजातली कोरीव पदकं) दोऱ्यात ओवून दागिना पुरा करणारे. सलीमचाचा दारातच म्हणाले, "या पावणं! चप्पल आत घ्या, न्हायतर कुत्रं न्हेतंय."

आत त्यांची लेक आफरीन बसली होती. समोर तिनं एकटीनं ओवलेला पहिला साज. मधोमध माणकाचं पान, दोन्ही बाजूंना मासा, कासव, शंख आणि पोकळ सोन्याचे मणी. मणी चेपू नयेत म्हणून आत लाख भरलेली.

"आज गिऱ्हाईक पारखणार," चाचा म्हणाले. "पास झाला तर पुढची कामं हिच्या नावावर. न्हायतर आनखी वरीसभर दोरं वळत बसायचं."

आफरीन नुसती पदराशी चाळा करत होती.

गिऱ्हाईक आलं ते गडमुडशिंगीचं. शेतकरी घरातल्या आक्काताई, नातसुनेसाठी साज न्यायला. "पोरीनं केलाय व्हय? मला तुझ्या हातचा पायजे हुता, सलीम."

माझं डोकं तापलं. "आजी, पोरीच्या हाताला काय झालंय?"

"ते आत्ता कळंल की! तूच घाल गळ्यात. आन वाक."

पारख अशीच करतात. साज घालून वाकून नमस्कार करायचा आणि ताठ उभं राहायचं. एकही पान उलटं पडता कामा नये, कारण नवी सून सासरी दिवसभर वाकतच असते. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. कुणापुढं वाकायचं नाही, हा आमच्या घरचा पहिला धडा. पण त्या मुलीचं सगळं काम माझ्या गळ्यात होतं. मी आक्काताईंपुढं वाकले.

उठले. आक्काताईंनी डोळे बारीक केले. "झ्याक! बांधा."

चाचा हसले. आफरीन मात्र माझ्या गळ्याशी येऊन थांबली. "कासव कललंय."

"उलटलं तर न्हाय न्हवं? कोण बघतंय एवढं!" आक्काताई म्हणाल्या.

"मी बघितलं की."

आणि तिनं कात्री उचलून दोरा कापला. चाचांच्या तोंडचं हसू गेलं, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

माणिक जड, त्यामुळं शेजारच्या कासवाची गाठ सैलावली होती. आफरीन पुन्हा पहिल्या मण्यापासून ओवायला बसली. "माझी यष्टी चुकली बघ," म्हणत आक्काताईंनी भाकरी-खर्डा (कुटलेली हिरवी मिरची) सोडला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "विदर्भाची म्हणं! मिरचीला रडतीया," त्या म्हणाल्या आणि सगळं घर हसलं. आफरीन सोडून.

साज पुन्हा गळ्यात आला. या वेळी मी आफरीनकडं वळून वाकले.

"अगं बया, मला कशाला पाप लावतीस!" ती मागं सरकली.

मी उठले. कासव सरळ. सगळी पानं सरळ.

आक्काताईंनी साज हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग विचारलं, "धुवायचा कसा?" चाचांना नाही, आफरीनला.

"गरम पाण्यात घालायचा न्हाय, लाख पाघळती. गार पाण्यात रिठा, मऊ ब्रश आन सुती फडकं. अत्तर आधी, साज मागनं."

"ध्यानात ठेवतो," आक्काताई म्हणाल्या. (इथं बायकाही 'ठेवतो', 'जातो' म्हणतात, आणि काय रुबाबात म्हणतात!)

संध्याकाळी मी निघाले तेव्हा चाचा पुढच्या साजाचं सामान आफरीनसमोर सरकवत होते. परतीच्या गाडीत मला माझ्या महाराष्ट्राच्या या लेकीचा अभिमान वाटत राहिला. गिऱ्हाईक खूश होतं, बाप खूश होता. 'झालं नाही' म्हणायला तिनं कुणाची परवानगी मागितली नाही. चाचांनी कामाला तिचं नाव दिलं ते संध्याकाळी. तिनं ते घेतलं होतं कात्री उचलली तेव्हाच.