रुख्मिणीबाईंची खिरापत

आमच्या आंजी गावात भुलाबाई मांडतात त्या आता रुख्मिणीबाईच. भादव्याच्या पुनवेला मूर्ती आणायची आणि कोजागिरीपर्यंत रोज सायंकाळी ओट्यावर गाणी म्हणायची. पूर्वी ओटा पोरींनी भरायचा. मागच्या साली शेजारच्या सुरभीशिवाय कोणी फिरकलं नाही.

"माहेरी आलेल्या भुलाबाईपुढं मी एकटीच काय गाऊ? यंदाही पोरी नाई आल्या तर पुढच्या साली मूर्ती आणत नाई," त्या म्हणाल्या. मी त्यांची शेजारीण; मला ते पटेना. देवीला का कोणी येऊ नको म्हणतं?

सुरभीने हे शाळेत वेदश्री मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमच्या सातवीच्या वर्गाची पोलंडमधल्या एका शाळेशी ओळख आहे. मुलं व्हिडिओवर एकमेकांना आपापले सण दाखवतात. मॅडमनी ठरवलं, यंदा भुलाबाई दाखवायची, तीही रुख्मिणीबाईंच्या ओट्यावरून.

त्या दिवशी अख्खा वर्ग लोटला. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. मग रुख्मिणीबाईंनी फडक्याने झाकलेला खिरापतीचा डबा मोबाईलसमोर खुळखुळवला. आत काय ते तिकडच्या मुलांनी ओळखायचं.

तिकडून मुलं इंग्रजीत सांगू लागली, मॅडम मराठी करू लागल्या. बटणं, गोळ्या, खडे.

"खडे? भुलाबाईले खडे खाऊ घालन का मी?"

पोरी हसून लोळल्या. पण ओळखता काही येईना, आणि तिकडची शाळा सुटायला आली.

"काकू, सांगून टाका ना आता," मॅडम हळूच म्हणाल्या.

"ओळखल्याबिगर डबा उघडत नाई."

"अहो, परदेशातली लेकरं ती. त्यांना कसं कळणार?"

"मंग खेळाले काऊन बसले? खेळाले बसलं का नियम सारखाच."

फोन बंद झाला, डबाही बंदच राहिला. पोरी तोंड पाडून घरी गेल्या. वर्गातली काजल तर जाताना म्हणाली, "आम्ही का गाणी फुकटात म्हटली?" मीही रुख्मिणीबाईंना बोलले, "पाहुण्यांना असं पाठवतात का, बाई?" त्या देवीपुढे नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत जाण्याआधीच आल्या. तिकडच्या बाईंचा मेसेज होता: मुलं डब्याचं विसरायलाच तयार नाहीत, आज पुन्हा फोन करता येईल का?

संध्याकाळी पोरी न बोलावता हजर. त्यांचीही खिरापत अडकलेली. त्या दिवशीही जमलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी पोलंडच्या एका चष्मेवाल्या पोरीने कागदावर चित्र काढून समोर धरलं. भुईमुगाची शेंग.

रुख्मिणीबाईंनी फडकं ओढलं. भाजलेल्या शेंगा ओंजळीओंजळीने वाटल्या. तिकडे टाळ्या, इकडे टरफलांचा खच.

पोरी निघता निघता विचारत होत्या, "काकू, उद्या काय?"

"सांगितलं तर मंग तुमी येसान कायले?"

सगळ्या गेल्यावर मला म्हणाल्या, "ताई, उद्या शिरा करतो. खुळखुळणारच नाई. लई हुशार निघाल्या पोलंडवाल्या." मग जरा थांबून, "तुमचं मोठं पातेलं देजा. माह्या पातेल्यात एवढ्या जणींचं होत नाई."