आप्पांचा डावा पाय

माझे सासरे शहादेव ड्रायव्हर जाऊन आता सहा वर्षं झाली. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना आडनावानं कोणी ओळखत नव्हतं. ड्रायव्हर म्हटलं की तेच. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचा एक ट्रक होता, पुढं लांब नाक काढलेला, जुन्या वळणाचा. आप्पांनी तो एकोणतीस वर्षं चालवला. खत, सरकी, कापसाच्या गाठी. बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीची पोती, खडी फोडणाऱ्यांसाठी सुकडी, आणि मागं लोखंडी टाकी ठेवून पाणी. पुढं संघ बसला. आप्पा घरी आले आणि ट्रक गोदामाच्या मागं बाभळीत उभा राहिला. त्याच्या बॉनेटमध्ये मुंगसानं घर केलं होतं म्हणे.

दोन हजार अकरा साली संघानं भंगाराचा लिलाव काढला. आप्पा घरात काही न बोलता गेले आणि दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधून ट्रक घेऊन आले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुभद्राबाई, दारातच उभ्या होत्या.

"ह्ये काय आनलंय?"

"संघाची गाडी."

"ती कळली. लग्नापासून बघते तिला. सवत हाय माझी. पर घरी कावून आनली?"

आप्पांनी टोपी काढून झटकली. म्हणाले, "तिथं बाभळीत बरी दिसंना."

तेवढ्यावर तो ट्रक आमच्या खळ्यात आला. ह्याच्या स्प्रिंगांचे पाटे तुटलेले, डाव्या बाजूचं दार नाही, म्हणून सुटं सामान काढायला तसाच दुसरा एक ट्रक खडीच्या मशिनीवरून आणला. त्याचं सामान काढायला बसले तर आप्पांचा हातच पुढं जाईना. "ह्याचंबी कुनीतरी असंल की," म्हणाले. असे दोन झाले. लोक आमच्या घराला भंगारवाल्यांचं घर म्हणायला लागले. मी शिक्षकाच्या घरातून आलेली. पहिले काही महिने मला हे ऐकून लाज वाटायची, मग सवय झाली, आणि मग गोडीच लागली.

दर रविवारी जेवणं झाली की आम्ही सगळे खळ्यात. माझे यजमान रामकिसन पतसंस्थेत कारकून, पण रविवारी ट्रकच्या पोटाखाली. आप्पांचे जुने क्लीनर म्हाळूकाका वरच्या आळीतून यायचे. आत्याबाई घासलेटच्या परातीत नटबोल्ट धुवायच्या. डाळीतले खडे निवडावेत तसा एकेक बोट लावून बघायच्या आणि झिजलेला बाजूला टाकायच्या. माझ्याकडं पॉलिश पेपर. जुन्या रंगाखाली संघाच्या नावाची अक्षरं निघाली, ती मी कुणाला खरवडू दिली नाहीत.

ह्या रविवारांचा तीन वर्षांत एवढा उपयोग झाला की पहिल्या ट्रकचं इंजिन बसलं, पाटे बसले, दार आलं. आणि दिवाळीच्या तोंडावर आप्पांना लकवा झाला.

डावी बाजू गेली. बीडच्या दवाखान्यात महिनाभर होतो. हळूहळू वाचा आली, जड जिभेनं एकेक शब्द बोलायचे. वर्षभरात हातही परत आला, कप धरता यायला लागला. पाय मात्र आला नाही. काठी घेऊन ओढत चालायचे. रविवारी त्यांची खाट खळ्यात टाकायची, तिथून ते बघत राहायचे.

एकदा मी त्यांना चहा दिला तेव्हा म्हणाले, "सुनबाई, गाडी झाली की, चिंचंपर्यंत. म्या नेनार."

चिंच म्हणजे आमच्या शिवेवरची. खळ्यातून गाडीवाटेनं तीनशे-चारशे पावलं. गाडीचे कागद कधीच संपले होते, डांबरी रस्त्यावर नेता येत नव्हती. तेव्हा एवढीच वाट. पण ती त्यांना स्वतः न्यायची होती. मी "हो आप्पा" म्हटलं खरं, पण तो डावा पाय मला दिसत होता. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो हे एवढ्या रविवारांत मलाही समजलं होतं. यजमानांना मी सांगितलं, तर ते नुसतं हूं म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपले.

रोज सकाळी आप्पा खाटेवर बसून डावा पाय समोरच्या जोत्याला लावायचे आणि दाबायचे. पुटपुटत मोजायचे. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. दोन वर्षं पाऊस नव्हता, विहिरीचा तळ दिसत होता, टँकर चौथ्या दिवशी यायचा. अंगणात पाण्याची तीन पत्र्याची टिपं होती. पहिल्यात पिण्याचं पाणी, दुसऱ्यात वापरायचं, आणि तिसऱ्यात धुण्याचं उरलेलं. ते रात्रीतून निवळायचं आणि वरून काचेसारखं दिसायचं. ते संडासाला आणि लिंबाच्या झाडाला. लहान पोर घरात आलं तरी त्याला आधी ही टिपं शिकवायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं जुळून आलं. पंपातली हवा काढली, नवी बॅटरी जोडली. यजमान केबिनमधून ओरडले, "रेडिएटरला पाणी दे गं!"

यंत्राला पाणी द्यायचं म्हटल्यावर माझे पाय आपोआप तिसऱ्या टिपाकडं गेले. दुष्काळात यंत्राला चांगलं पाणी द्यायचं हे आमच्या घरातल्या कुठल्याच बाईच्या डोक्यात आलं नसतं. मी तीन बादल्या आणून दिल्या. म्हाळूकाकांनी विश्वासानं ओतल्या. सेल्फ मारला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. आप्पा खाटेवरून अर्धे उठले. मी हात जोडले.

पाच मिनिटांत रेडिएटरच्या तोंडातून पांढरा फेस यायला लागला. आधी थोडा, मग दूध उतू गेल्यासारखा. बॉनेटवरून, बंपरवरून खाली.

म्हाळूकाका दोन पावलं मागं सरकले. "वस्ताद! गाडी दात घासतीया!"

यजमान उडी मारून खाली आले. "कोनत्या टिपातलं पानी दिलं?"

मी तिसऱ्या टिपाकडं बोट केलं. आत्याबाई फेसात बोट बुडवून वास घेत म्हणाल्या, "निळी पावडर हाय. चादरी धुतल्या व्हत्या काल." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग खाटेवरून आवाज आला. आप्पा हसत होते. लकव्यापासून आम्ही त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होते.

इंजिनाला काही झालं नाही. पण म्हाळूकाका म्हणाले, आतून धुवावं लागंल, मग नितळ पानी भरावं लागंल. सहा-सात बादल्या तरी. चूक माझी होती. मी पहिल्या टिपाचं झाकण काढलं आणि हंडा भरून आणला.

आप्पांनी काठी आडवी धरली.

"न्हाई."

"आप्पा, परवा टँकर येतोय."

"पिन्याचं न्हाई."

यजमानांनी समजावलं, मी समजावलं. म्हटलं, मी दोन दिवस कमी वापरीन. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हाळूकाका खाली बसले आणि म्हणाले, "नका सांगू. ऐकायचे न्हाईत. म्या बहात्तरला बघितलंय."

मग त्यांनी सांगितलं. बहात्तर साली पाण्याची टाकी घेऊन हे दोघं घाट चढत होते. निम्म्यात रेडिएटरमधून वाफा निघायला लागल्या. मागं टाकीत हजारो लिटर पाणी. म्हाळूकाका डबडं घेऊन टाकीकडं निघाले तर आप्पांनी दंड धरला. "पानी मोजून भरलंय बे. कुनाच्या तरी घागरीत तेवढं कमी येईल." भर उन्हात दोन तास गाडी थंड व्हायची वाट बघत बसले. गावात पोचले तर बायांनी शिव्या घातल्या, उशीर कावून केला म्हणून. आप्पांनी त्या ऐकून घेतल्या.

ट्रक तसाच राहिला. पाऊस पडला की बघू, असं ठरलं. पण पावसाला महिना तरी होता, आणि आप्पांच्या तब्येतीचं कुणीच काही सांगू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका आला तर अवघड आहे. त्या दिवसांत मी सोमवार धरला होता. कपिलधारच्या दिशेला तोंड करून म्हणायचे, देवा, जास्त काही मागत नाही. आप्पांना चिंचेपर्यंत जाऊ दे.

चौथ्या दिवशी यजमान पतसंस्थेतून आले ते सायकलला एक कॅन अडकवून. आत स्वच्छ पाणी.

आत्याबाईंनी विचारलं, "कुठलं हाय रं?"

"चेअरमनच्या खोलीत थंड हवेची मशीन हाय ना आई, तिच्या नळीतनं बाहेर गटारात गळतंय. कॅन लावला खाली. पिता येत न्हाई, पर गाडीला एक नंबर. क्षार न्हाई त्याच्यात."

"अन् मशिनीत कुठून येतंय?"

"हवेतनं."

आत्याबाईंनी वर बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. "हवंत येवढं पानी हाय, मग आपन टँकरमागं कावून पळतोत?"

यजमानांनी कॅन आप्पांच्या खाटेजवळ नेऊन ठेवला. आप्पांनी कॅनमध्ये बोट घातलं, चव घेऊन बघितली आणि विचारलं, "कुनाचं न्हाई?"

"गटाराचं होतं, आप्पा."

"मग चालंल."

दोन आठवडे रोज कॅन येत राहिला. कोरड्या हवेत मशीनही हात आखडूनच गळायची. चेअरमन यजमानांना म्हणाले म्हणे, "काय रामकिसन, माझा घाम घरी नेतोस का?" जूनच्या पहिल्या रविवारी रेडिएटर आतून धुऊन झाला आणि गळ्यापर्यंत भरला. म्हाळूकाकांनी सेल्फ मारला. इंजिन लागलं आणि लागलेलं राहिलं. दहा मिनिटं आम्ही रेडिएटरच्या तोंडाकडं बघत उभे. फेस नाही, वाफ नाही.

आत्याबाईंनी ताट आणलं. बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. यजमानांनी आणि म्हाळूकाकांनी आप्पांना दोन्हीकडून धरून उजव्या दारानं वर चढवलं. आप्पांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग डावा पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला.

त्यांनी दाबलं. पाय पायडलवर नुसता पडून राहिला. परत दाबलं. मानेच्या शिरा ताठल्या. पायडल अर्धं गेलं असेल, त्यांनी गिअर टाकला तर आत दातावर दात घासल्याचा मोठा आवाज झाला. सकाळी जोत्याला पाय लावून ते काय करत होते हे मला तेव्हा कळलं.

यजमान पायरीवर चढून हळूच म्हणाले, "आप्पा, तुमी बाजूला बसा. मी नेतो. तुमी सांगा तसं नेतो."

आप्पा रागावले नाहीत. समोरच्या काचेतून बघत राहिले, हात स्टिअरिंगवर तसेच. मला बघवेना. मी ताटाकडं बघितलं, तर ताट जमिनीवर होतं.

आत्याबाई डाव्या दारानं वर चढत होत्या. अडुसष्ट वर्षांची बाई, नऊवारी लुगडं, काष्टा वर ओढलेला, एका हातानं दाराची कडी धरलेली.

"सरका तिकडं."

"आई, तुमी कुठं?" यजमान म्हणाले.

"गप बस तू." त्या गिअरच्या दांड्याला गुडघा घासत आप्पांना खेटून बसल्या आणि उजवा पाय पलीकडं घातला. "कंचा दाबायचा? ह्यो?"

"तो ब्रेक, आई!"

"मग ह्यो. नीट सांगत जावा की. दाब म्हनलं की दाबायचं, सोड म्हनलं की सोडायचं, येवढंच ना?"

"येवढंच," आप्पा म्हणाले.

"जनमभर दुसरं काय केलंय."

म्हाळूकाका खो खो हसले. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी सीटची कड धरून सगळा जोर लावला. पायडल खाली गेलं, गिअर गपकन पडला. आप्पा म्हणाले, "सोड." त्यांनी एकदम सोडला. ट्रकनं बैलासारखी उडी मारली आणि बंद पडला. आत्याबाईंचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

परत चालू केला. परत दाबला. ह्या वेळी आप्पा लगेच सोड म्हणाले नाहीत. जड जिभेनं, थांबत थांबत बोलले. लकव्यानंतर एवढं लांब वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"सुभद्रे, लेकरू झोपलं, की त्याच्या डोक्याखालचा हात, कसा काढतीस? तसा पाय काढ."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पाय कधी उचलला गेला ते दिसलंच नाही. एवढं मोठं लोखंडाचं धूड धक्का न देता, आवाज न वाढवता खळ्यातून निघालं.

आम्ही बाजूनं चालत होतो. गाडीवाटेला लागल्यावर आप्पा म्हणाले, "दाब." दुसरा गिअर पडला. "काढ." मग आम्हाला पळावं लागलं. धुरळ्यात काही दिसत नव्हतं, फक्त आत्याबाईंचा आवाज ऐकू येत होता, "अहो, बांध! बांध हाय तिकडं!" आणि आप्पांचा, "दिसतोय गं."

चिंचेखाली ट्रक उभा राहिला तेव्हा आम्हाला पोचायला वेळ लागला. म्हाळूकाका मागंच बसले होते, दम लागून. यजमान डावं दार उघडायला गेले.

"उतरा आई."

"थांब जरा. पाय थरथरतोय माझा, उतरता येईना."

आप्पांचा डावा हात, वर्षभरानं परत आलेला तो हात, आत्याबाईंच्या गुडघ्यावर होता. ते गुडघा दाबत होते, हळूहळू, वरून खाली. माझ्या वीस वर्षांच्या संसारात मी त्या दोघांना एकमेकांच्या हाताला हात लावताना बघितलं नव्हतं. आम्ही समोर उभे असताना ना त्यांनी हात काढला, ना आत्याबाईंनी पदर सावरला.

यजमानांनी दार परत लोटून घेतलं. म्हणाले, "बसू दे त्यांना. चल, आपण टायर बघू." टायरला काही झालं नव्हतं. तरी आम्ही दोघं मागच्या चाकाजवळ बराच वेळ वाकून उभे राहिलो.