घोंगडीवरची पत

आमच्या गावच्या सोसायटीत नवा सभासद घ्यायचा असला, की त्याला आधी घोंगडीवर बसावं लागे. शाळेपुढच्या लिंबाखाली सभा भरे. मारुतीच्या पारावर गावातल्या सगळ्यांना येता येत नाही, म्हणून सोसायटीचे चेअरमन सखाराम अण्णा यांनी सभा तिथून मुद्दाम लिंबाखाली आणलेली. मधोमध काळी घोंगडी अंथरलेली असे. अर्जदार तिच्यावर टेकला, की अण्णा सभोवार बसलेल्या सभासदांवरून नजर फिरवत आणि म्हणत, "हां, बोला. ह्येच्याबद्दल घरात बायकूपाशी जे बोलता, त्ये हितं ह्येच्या तोंडावर बोला. हितं गप बसून उद्या हिरीवर बोलला, तर गाठ माझ्याशी हाय."

आणि लोक बोलत. हा बैलांना मारतो. ह्यानं बहिणीच्या लग्नात शब्द मोडला. हा लई कष्टाळू हाय, पण बाजारच्या दिवशी नातेपुत्यात ह्याचा पाय गुत्त्याकडं वळतो. ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिथंच बसलेला, त्याची बाजू त्यानं तिथंच मांडायची. बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार क्रूर वाटे. पण त्या काळच्या सोसायटीचा कायदाच असा होता, की एक सभासद बुडाला तर त्याचं देणं बाकी सगळ्यांच्या जमिनींवरून वसूल व्हायचं. प्रत्येकाचं रान प्रत्येकाच्या शब्दाला बांधलेलं. "मग ज्याच्या गळ्यात गळा घालून बुडायचं, त्याला नीट बघून घ्यायला नगं व्हय?" असं अण्णांचं म्हणणं.

सभा ते सकाळी, धारा काढून झाल्या की भरवत. दुसऱ्या गावच्या सोसायट्या रात्री कंदील लावून बसत. अण्णा म्हणत, "राती माणसाचं तोंड दिसत न्हाय. नुसता आवाज ऐकून कर्ज देयाला काय भजन हाय व्हय?"

मी सातवी पास होऊन गावातच बसलो होतो. सोसायटीला सेक्रेटरी हवा होता. पगारी माणूस असला तरी घोंगडी चुकत नव्हती. मी बसलो. समोर माझे वडील, आबा, मान खाली घालून बसलेले. आमच्या भावकीतला एक चुलता म्हणाला, "दत्तू हुशार हाय, पर बोलताना वर बघत न्हाय." एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "शाळंत जाताना माज्या बोरीखाली रोज हुबा असायचा. पर विचारून घ्यायचा, खोटं कशाला बोलू?" लोक हसले. अण्णांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले आणि म्हणाले, "वर बघत न्हाय म्हंजी भितोय. भितो तर भिऊ दे. लिवताना खालीच बघायचं असतंय." मी सेक्रेटरी झालो.

अण्णा दिसायला काही पुढाऱ्यासारखे नव्हते. ठेंगणे, एका कानाला थोडे बहिरे, पटक्याचा शेव नेहमी सुटलेला. दहा-बारा एकर कोरडवाहू आणि एक विहीर, तीही उन्हाळ्यात रुसणारी. शिक्षण सहीपुरतं. पण तालुका बोर्डावर ते निवडून गेले होते, आणि बोर्डाच्या बैठकीतही त्यांनी आपली घोंगडी सोडली नाही. आमच्या भागात एक बंधारा चुकीच्या जागी बांधला गेला होता. पाणी आलं, की ते त्याला वळसा घालून जायचं. गावोगावी चावडीवर मामलेदारांना शिव्या बसत. अण्णा बैठकीत उभे राहिले आणि मामलेदारांना म्हणाले, "रावसाहेब, लोक तुमच्या मागं लई वाईट बोलत्यात. मला त्ये सोसवंना. म्हणून त्ये सगळं मी तुमच्या म्होरं बोलून टाकतो." आणि त्यांनी ते शब्दाला शब्द बोलून टाकलं. मामलेदार लालबुंद झाले. पण पुढच्या महिन्यात स्वतः घोडीवर बसून बंधारा बघायला आले. शेवटी तो बंधारा दुरुस्त झाला, आणि गुरांचा दवाखानाही आमच्या वाट्याला आला. घोडीवरून उतरताना मामलेदार म्हणाले होते म्हणे, "ह्या गावात कोणी पाठीमागं बोलतच नाही का हो?"

त्या वेळी मला हसू आलं होतं.

खरी गोष्ट आता सांगतो. आजवर ती लिहायला हात धजावला नाही.

आमच्याकडं धनगरांची पंधरा-वीस घरं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ती खाली पश्चिमेकडं उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. त्यांच्या नावावर जमीन नाही, म्हणून सोलापूरची बँक त्यांची पत धरायला तयार नव्हती. बँकेच्या कागदावर जमिनीचा रकाना होता, मेंढरांचा नव्हता. अण्णांनी त्यांची पत मोजायची वेगळीच रीत काढली. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबद्दल धनगराला धान्य देतात. अण्णा वाटेवरच्या गावांत जाऊन एवढंच विचारत, "बिरूआप्पाला पुढल्या साली बोलवणार का?" व्हय म्हणाले, की झालं. "ज्येला दरसाली त्याच रानात बोलवत्यात, त्येची पत त्या रानात पुरलेली हाय," असं ते म्हणत. ह्या हिशेबावर त्यांनी बिरूआप्पा आणि आणखी काही धनगरांना सभासद करून कर्ज दिलं. सगळे घोंगडीवर बसून गेलेले. बिरूआप्पाबद्दल बोलायची पाळी आली, तेव्हा एक जण म्हणाला होता, "ह्येचा कुत्रा चावतो." बिरूआप्पा म्हणाला, "तुमालाच चावतो." एवढंच.

त्या वर्षी धनगर वेळेवर परतले नाहीत. पाऊस पडून गेला, लोक पेरणीच्या तयारीला लागले, तरी एक मेंढरू दिसेना. मला भीतीनं घेरलं. आमची विहिरीखालची पाच एकर जमीन आबांनी आयुष्यभर राबून उभी केलेली. ती ह्या फिरस्त्या लोकांच्या नावानं बुडणार, असं मला दिवसाढवळ्या दिसू लागलं. तेवढ्यात सोलापूरच्या बँकेचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. टोपी काढून त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "काय सेक्रेटरीसाहेब, कसं चाललंय?" असं विचारलं. साहेब म्हणणारा पहिलाच माणूस! मी दाराकडं एकदा पाहिलं, अण्णा बाहेर पाणी पीत होते, आणि मी हळू आवाजात सांगून टाकलं, की चेअरमन मनाला येईल तसं धनगरांना कर्ज वाटतात, कुणाचं ऐकत नाहीत, माणसं आता पळालीत.

अण्णा कुणाचं ऐकत नाहीत हे खोटं होतं. माणसं पळाली हे मला ठाऊक नव्हतं. वाईटात वाईट म्हणजे मी ते अण्णांच्या तोंडावर बोललो नव्हतो.

आठवड्यानं बँकेचं पत्र आलं. चेअरमनच्या कारभाराची चौकशी होईपर्यंत गावाचं बियाण्याचं कर्ज थांबवलं होतं. रानं ओली, नांगर तयार आणि बी नाही. सबंध गाव तोंडात मारल्यासारखं झालं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सभा बोलावली. इन्स्पेक्टरही आले. अण्णा खुर्चीकडं गेलेच नाहीत. पटका सावरत सरळ घोंगडीवर जाऊन बसले. "आज माझी पाळी," ते म्हणाले. "बँकेला कुणीतरी माझ्याबद्दल काय सांगितलंय. खरंच असंल. पर त्ये मला ऐकायचं हाय. धनगर हितं न्हाईत, त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं न्हाय. माझ्याबद्दल बोला."

लोक बोलले. असं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. "तुमी हेकट हाय," एक म्हणाला. "तुमी आमाला विचारता, पर विचारायच्या आधीच तुमचं ठरल्यालं असतंय," दुसरा म्हणाला. "बोर्डावर जाऊन आलं, की चार दिवस बहिऱ्या कानानंच ऐकता." अण्णा प्रत्येकाला "व्हय" किंवा "न्हाय" म्हणत गेले. बहुतेकांना "व्हय" म्हणाले. मग विचारलं, "आणि कोण?"

मी सभेचं टिपण लिहीत होतो. मान खालीच होती. त्यांचे डोळे माझ्यावरून गेले की नाही, ते मला सांगता यायचं नाही.

इन्स्पेक्टर म्हणाले, "धनगरांच्या कर्जाची जबाबदारी आपल्या जमिनीवर ठेवायला ज्यांची तयारी नाही, त्यांना आज बाहेर पडता येईल. नाव सांगा." मग माझे आबा उठले. सभेत ते कधीच बोलत नसत. धोतर झटकून म्हणाले, "माझं रान त्येच्यात हाय. त्ये तितंच ऱ्हाऊ द्या." आणि बसले. त्यांच्या पाठोपाठ एकेक जण उठत गेला. एकही नाव गळालं नाही. इन्स्पेक्टरनी टोपी घातली, परत काढली. "असं गाव मी पाहिलं नाही," असं ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा बिघडलेला होता. आजही कुणी आमच्या गावाचं नाव विचारलं, की मला ती सकाळ आठवते आणि छाती भरून येते. आणि त्याच छातीत दुसरं काहीतरी टोचतं.

चेअरमनची चौकशी मात्र अजून राहिलीच होती; तिच्यापायी बी अडकू नये म्हणून अण्णांनी त्याच जागी चेअरमनपद सोडलं. उपाध्यक्षांनी तात्पुरतं काम पाहिलं. पेरण्या झाल्या, आणि पिकं बोटभर वर आली तेव्हा धनगर परतले. वाटेत मेंढरांत रोग शिरला होता. निम्मा कळप गेलेला, उरलेल्याला घेऊन ते एकेक मुक्काम करत आले होते. बिरूआप्पा गावात शिरला तो घरी न जाता आधी सोसायटीत आला. लोकर विकून त्यानं आपला हप्ता भरला. बँकेनं अण्णांना पुन्हा खुर्ची घ्यायला लिहिलं. त्यांनी नको म्हटलं आणि वार्षिक सभेत चेअरमन म्हणून नाव सुचवलं ते माझं.

मी घोंगडीवर बसलो. लोक चांगलंच बोलले. शेवटी अण्णा म्हणाले, "हा भितो, त्ये मी मागंच बोललोय. भिणारा माणूस दुसऱ्याचं रान राखतो. आनखी एक गोष्ट हाय. पर ती सांगायचा मान त्येचा हाय." ते माझ्याकडं बघत थांबले.

मागून कुणीतरी ओरडलं, "लगीन कवा करतोस, त्ये सांग की!" सगळी सभा हसली. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत; तपकिरीची डबी काढून ती उघडत बसले. मी चेअरमन झालो.

पुढची वर्षं कामात गेली. शाळेची दुसरी खोली झाली, पिण्याच्या पाण्याची विहीर झाली, आसपासच्या गावांनी आमचं बघून घोंगडी घातली. सोलापूरच्या नव्या पेठेत कापड घ्यायला गेलो, की दुकानदार गावाचं नाव ऐकून उधारीला नाही म्हणत नसे. ही पत सगळी अण्णांची. खुर्चीवर मात्र मी.

अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. घरात कुणी नाही असं बघून मी गेलो आणि त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "अण्णा, इन्स्पेक्टरला त्या साली..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सभा कवा हाय?"

"पुढल्या सोमवारी."

"मग तितं बोल. हितं आपुन दोगंच हाय. दोगांत बोललेलं म्हंजी पाठीमागंच बोललेलं."

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं हा माणूस रोज माझ्याशी बोलत होता, माझ्या मुलांच्या हातावर गूळ ठेवत होता, आणि गावात एका माणसाला त्यानं ते कळू दिलं नव्हतं. त्याची रीत मोडून मी त्याच्याबद्दल मागं बोललो. माझ्याबद्दल मागं बोलून त्यानं ती मोडली नाही.

सोमवारच्या आधीच ते गेले. त्या सभेत दुखवट्याचा ठराव झाला. तो मीच मांडला, आणि जे बोलायचं ते बोललो नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

यंदा बोललो. अध्यक्षाची खुर्ची सोडून घोंगडीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा वर बघून सांगितलं. मग बिरूआप्पा, आता पार वाकलेला, काठी टेकत पुढं आला. "त्या साली माजी मेंढरं मेली हुती, दत्तू. मी न्हवतो मेलो. वाटंवरच्या एका गावाला इचारलं असतंस, तरी कळलं असतं." मी "व्हय" म्हणालो. दुसरा म्हणाला, "पेरणी आठ दिवस लांबली, त्ये तुज्यामुळं." मी "व्हय" म्हणालो. "अण्णांची खुर्ची गेली, तीबी." "व्हय." कुणी एक जण म्हणाला, "जाऊ द्या आता, जुनं झालं. माणूस चांगला चालवतोय की." त्याला बाकीच्यांनी खाली बसवलं. "जुनं झालं म्हंजी खोटं झालं व्हय?"

मग मला चेअरमन ठेवायचं की नाही, यावर उपाध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. बिरूआप्पाच्या धाकट्या मुलाचं, म्हाळूचं नाव सुचवलं गेलं. मी घोंगडीवर बसून बघत होतो. म्हाळूसाठी पहिला हात वर झाला तो माझ्या आबांचा. सत्तरीचे आहेत. खांदा दुखतो म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला होता, आणि मोजणी संपेपर्यंत तो हात त्यांनी खाली घेतला नाही.