बिनधारेची तलवार

दोन हातांनी धरायची युरोपातली तलवार म्हणजे पाच-सहा किलोचं लोखंड असणार, असं मला वाटायचं. ती दीड किलोच्या आसपास असते, हे मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून फोनमध्ये वाचलं. मग खाली जाऊन मेसच्या ताईंना दीड किलो तांदूळ पिशवीत भरून मागितले.

"काय वं, खिचडी लावतं का रूमवर?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी दोन्ही हातांनी छातीसमोर धरून भिंतीजवळ उभी राहिले. हात थरथरत होते, पण खाली आले नाहीत. हे आपल्याला जमेल, असं तेव्हा वाटलं.

लाठी मी लहानपणापासून खेळते. आसेगावकडच्या आमच्या वस्तीत मुलींचं लाठीपथक आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ते सगळ्यात पुढे असतं. एका हाताचं हत्यार मला कधी जमलं नाही, मनगटात तेवढा जोर नाही. पण लाठी दोन हातांची. म्हणून ते व्हिडिओ पाहिले तेव्हा मी थांबले. तिकडची माणसं लांब तलवार दोन हातांनी धरतात, एक पाय पुढे टाकून बाजूला सरकतात. त्यांचे पाय मला ओळखीचे वाटले.

हे मी पहिल्यांदा माझ्या मैत्रिणीला दाखवलं. ती जवळच्या मालेगावहून रोज एसटीने वाशीमला कॉलेजात यायची. तिच्या घरी शेती भरपूर, घर मोठं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, त्यामुळे सुरुवातीला मी वर्गात कोणाशी बोलतच नसे. ती स्वतःहून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मले लाठी शिकवतं का?" तेव्हापासून आम्ही दोघी. स्नेहसंमेलनात आधी लाठी आणि मग ही तलवार, असं दाखवायचं आम्ही ठरवलं.

निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण वाचायची चिकाटी माझ्यात होती. आमच्या ऐपतीत बसणाऱ्या बहुतेक तलवारी नुसत्या भिंतीवर टांगायच्या. पातं चकचकीत, मुठीवर सोनेरी सिंह. मात्र मुठीच्या आत पात्याचं मागचं टोक जात नाही, एक बारीक सळई जोडलेली असते. जोरात फिरवली की जोड तुटतो आणि पातं समोरच्यावर उडतं. सरावासाठी बनवलेल्या खऱ्या पोलादी तलवारींची किंमत पाहून आम्ही फोन बंद केला होता. नायलॉनची एक स्वस्त होती, सुरक्षितही होती. मैत्रिणीनं तिचा फोटो पाहिला.

"हे त उलथनं दिसते वं. स्टेजवर काय पोया पलटवाच्या का?"

तिला सिंहाची हवी होती. "फोटोत कशी दिसन ते पाय ना," ती म्हणायची. मी तिला तुटलेल्या मुठींचे फोटो दाखवले. ती हसली. "मास्तरीणबाई, तुमी म्हनान ते."

शेवटी सापडली ती आपल्याच देशात बनलेली होती. परदेशात पाठवण्यासाठी तलवारी घडवणारा एक कारखाना आहे. ज्या तलवारींवर ओरखडा राहतो किंवा मुठीचं चामडं नीट बसत नाही, त्या ते इथे कमी किमतीत विकतात. पातं कार्बन पोलादाचं, मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं. तोल मुठीपुढच्या आडव्या दांडीच्या चार बोटं पुढे. आणि धार अजिबात नाही, कड नाण्यासारखी जाड आणि सपाट. धार नाही ना, हे मी विकणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, लोक धार आहे का म्हणून विचारतात. तुम्ही उलटं विचारता."

त्याचं कारण मी फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. मला पोलीस भरतीला उतरायचं आहे. रोज सकाळी मी त्यासाठीच मैदानावर पळते, पण घरी सांगितलेलं नाही. निवड नाही झाली तर बाबांना वाईट वाटेल. भरतीत शेवटी चारित्र्याची पडताळणी होते. बोथट पातं खेळाचं सामान ठरतं, त्याला धार आली की ते हत्यार, असं मी वाचलं होतं. नावावर एक गुन्हा लागला की सगळं पळणं वाया.

"अवं, कोनाले सांगाची बी नाही मी," ती म्हणाली होती.

हॉस्टेलमध्ये असलं पार्सल घेऊ देत नाहीत आणि आमच्या गावापर्यंत कुरियर येत नाही. म्हणून तलवार मालेगावला तिच्या घरी मागवली. तिच्या आईनं खोकं उघडल्या उघडल्या पात्याला हळदकुंकू लावलं. मी मूठ धरून पाहिली. फोनमध्ये जे वाचलं होतं ते सगळं खरं निघालं होतं. ती हातात हलकी वाटत होती, टोक जिकडे न्यावं तिकडे जात होतं.

तिचा भाऊ आमच्याहून थोडा मोठा. गावातल्या पोरांचं मंडळ तो चालवतो, चौकातल्या बॅनरवर त्याचा फोटो असतो. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला.

"याले त धारच नाही. बिना दाताचं कुत्रं घेतलं तुमी."

"धार नकोच आहे दादा, खेळायची आहे," मी म्हटलं.

"मंग लाटनं काय वाईट होतं?"

आम्ही सगळे हसलो. त्यानंतर दर रविवारी मी मालेगावला जाऊ लागले. त्यांच्या गच्चीवर सराव करायचा, मग खाली तिच्या आईच्या हातचं जेवायचं. त्या घरात मला परकं वाटत नाही, असं मी माझ्या आईला फोनवर सांगायची. आई म्हणायची, "हो का," आणि दुसरं काहीतरी विचारायची. आईच्या त्या "हो का"चा मला तेव्हा राग यायचा.

तिच्या भावाच्या वाढदिवसाला मी माझ्या गावी होते. संध्याकाळी मैत्रिणीच्या स्टेटसवर व्हिडिओ दिसला. चौकात जीपच्या बॉनेटवर ओळीनं केक मांडलेले, फटाके, पोरांची गर्दी, आणि भावाच्या हातात आमची तलवार. त्यानं ती कुऱ्हाडीसारखी धरली होती. मी लगेच तिला लिहिलं, काहून दिली? तिचं उत्तर आलं, "अवं, एका दिवसाची त गोष्ट. पुसून ठेवतो परत." खाली हसणारे चेहरे होते. मी आणखी काही लिहिलं नाही. दुसऱ्याची वस्तू वापरली म्हणून भांडावं इतकं ते मोठं आहे का, मला ठरवता येईना.

तो व्हिडिओ कोणीतरी पोलिसांपर्यंत पोचवला. दोन-तीन दिवसांनी मला मालेगाव ठाण्यातून फोन आला, वडिलांना घेऊन या. बाबा दुसऱ्याच्या शेतात कामाला होते. ते अर्ध्या दिवसातून निघाले, धुतलेला शर्ट घालून स्टँडवर आले आणि एसटीत एवढंच विचारलं, "तू त नव्हती ना तिथं?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली.

ठाण्यात साहेबांच्या टेबलावर आमची तलवार आडवी ठेवलेली होती. एका बाजूला मैत्रीण आणि तिचा भाऊ. बाजूच्या टेबलाशी एक महिला कॉन्स्टेबल लिहून घेत होत्या. मैत्रीण दिसल्यावर मला बरं वाटलं, हे मला आठवतं. ती आहे म्हणजे आता ती सांगेल, असं वाटलं.

"तलवार कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"हिनं निवडली, साहेब," मैत्रीण म्हणाली. "मले त यातलं काई समजत नाही. ऑनलाइन हिनंच पायली, हिनंच सांगितलं की हेच घेऊ."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. निवडली मीच होती. मी किती वाचलं होतं, विकणाऱ्याला किती प्रश्न विचारले होते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आता तेच ती माझ्यासमोर माझ्या नावावर मांडत होती. 

"आन् धार?" साहेबांनी विचारलं.

माझं लक्ष तेव्हा पात्याकडे गेलं. टोकापासून वीतभर कड पांढरी चमकत होती.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आली तशीच हाये," ती म्हणाली.

मग तिचा भाऊ पुढे झाला. "साहेब, यायच्या जयंतीच्या मिरवनुकीत चालतेच ना तलवारी-बिलवारी. तिले सवयच हाये."

बाबा खुर्चीवर बसले नव्हते. ते उभ्यानंच म्हणाले, "लाठी चालते साहेब. पोरी लाठी खेळतात आमच्या." बस, एवढंच. आवाज चढवला नाही. मी मैत्रिणीकडे पाहत राहिले. ती लाठी तीही शिकली होती. आमच्या घरी येऊन बाबांच्या समोर अंगणात फिरवून दाखवली होती. ती खाली फरशीकडे पाहत होती.

मला वाटतं, भाऊ बोलला नसता तर मी गप्पच राहिले असते. घाबरले होते, आणि ती माझी मैत्रीण होती. पण बाबा उभे होते.

"साहेब, मी दाखवू का काही?" मी विचारलं.

"हात न लावता दाखव."

मी बोटानं दाखवत गेले. बनवणारे धार लावतात तेव्हा ती दांडीपासून टोकापर्यंत आणि दोन्ही बाजूंना असते. ही फक्त टोकाला वीतभर आहे आणि एकाच बाजूला. बाकीची कड अजून नाण्यासारखी सपाट आहे. धार लावलेल्या जागी आडवे ओरखडे आहेत आणि तिथलं पोलाद निळं पडलंय, म्हणजे ग्राइंडर लावून ते तापलं आहे. कारखान्यात असं करत नाहीत, पोलाद बिघडतं. हे सांगताना मधेच मी "बहुतेक" असंही म्हटलं. साहेबांनी तलवार उचलून खिडकीच्या उजेडात धरली. अंगठा टेकवला, पुढे नेला, परत आणला.

"काय रे," ते भावाला म्हणाले, "केक कापाले ग्राइंडर लागते का?"

महिला कॉन्स्टेबलनी हसू दाबलं. भावानं बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चमकत नव्हती, साहेब. व्हिडिओत टोक चमकलं पाह्यजे म्हनून लावलं जरासं."

जरासं. त्या जराशानं माझं काय गेलं असतं, हे त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त एका मुलीला माहीत होतं, आणि तिनंच "आली तशीच" म्हटलं होतं.

गुन्हा भावावर दाखल झाला, तलवार जप्त झाली. माझा जबाब साक्षीदार म्हणून लिहून घेतला. मी धीर करून महिला कॉन्स्टेबलना हळूच विचारलं, भरतीला अडचण येईल का. त्या म्हणाल्या, "साक्षीदाराले काय अडते? खरं सांगितलं ते सांगत राह्य फक्त." बाबांनी ते ऐकलं. भरतीचं त्यांना असं कळलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मले सांगाचं होतं." रागानं नाही, थोडं लाजल्यासारखं.

पायऱ्यांवर मैत्रीण मागून आली. "माह्या भावाले फसवलं तू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला ते तसंच वाटत होतं.  मनात पुष्कळ होतं, पण मी बाबांच्या मागे चालू लागले.

त्यानंतर ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागली. स्नेहसंमेलनात मी एकटीनं लाठी केली. बरी झाली असं लोक म्हणाले. मी रोज ठरवायची की आज तिच्याशी बोलायचं, आणि रोज ती पुढे निघून जायची.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. नाव दिसलं आणि मी वाचनालयातून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. ती आधीसारखीच बोलत होती. आईचे गुडघे दुखतात म्हणाली, मेसच्या भाजीची चौकशी केली, सकाळी पळायला अजून जातेस का विचारलं. मी हसले. आता ती माफी मागेल असं मला वाटत होतं, आणि मागितली तर काय म्हणायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. कायले मागतं वं, असं म्हणायचं होतं.

"ते तुहं बयान हाये ना," ती म्हणाली. "कोर्टात इचारतीन तवा एवढंच म्हन, धार आधी होती का नव्हती ते नीट आठवत नाही. तुले खोटं बोलाची बी गरज नाही."

 तिच्यामागून तिच्या भावाचा दबका आवाज आला, "भरतीचं बोल तिले. भरतीचं."

"आन् तुह्या भरतीले बी मंग काई होनार नाही," ती म्हणाली. "दादाची ओयख हाये लय जागी. सुदं करता येते, बिघडवता बी येते."

फोन स्पीकरवर होता. मी मघाशी हसले तेही त्यानं ऐकलं असणार. बाबांना मी जे सांगितलं नव्हतं, जे फक्त तिला सांगितलं होतं, ते त्या घरात आता असं वापरायला काढलं होतं.

"मले आठवते," मी म्हटलं. "धार नव्हती. तेच सांगन मी."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. थोड्या वेळानं पलीकडून भावानं विचारलं, "काय म्हंते?"

"नाही म्हंते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.