अर्धा तास चुकीची बाटली

मी भूल देणारा डॉक्टर. घर सांगवीत, नोकरी कुठेच नाही. फोन आला की बॅग उचलायची, सकाळी चिंचवड, दुपारी चाकण. बायको गेल्यापासून दिवसाचा बराच वेळ गाडीत स्वतःशीच बोलतो. म्हणून ऑपरेशन थिएटर मला आवडतं. सर्जनचे हात गुंतलेले, सिस्टर जागा सोडू शकत नाहीत. माझी गोष्ट अर्धवट टाकून उठून जायची सोय कुणालाच नाही.

त्या दुपारी चाकणच्या एका लहान हॉस्पिटलात सहा वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स काढायचं होतं. दोन दिवस उलट्या करून पोर सुकली होती. वडील शिफ्ट सोडून कंपनीच्या कपड्यांतच आलेले, मूळचे बीडकडचे.

मुलगी झोपली. सिस्टरनं विचारलं, "सर, सलाइनची लहान मुलांची बाटली लावू?"

"लावा," मी म्हणालो. कारण मी गोष्टीत शिरलो होतो. गोष्ट अशी: पुनावळ्यात मित्राकडे जायला निघालो आणि भलत्याच टॉवरमध्ये घुसलो. दार उघडणाऱ्या आजींनी बसा म्हटलं, मी बसलो. घर चुकलंय हे सोफ्यावर टेकताच कळलं होतं.

"मग उठलात ना?" सर्जननं विचारलं.

"चहा टाकला होता त्यांनी."

"धन्य आहात, राव."

सगळे हसले. हसता हसता माझी मान वर गेली आणि बाटलीचं लेबल दिसलं.

लहान मुलांची म्हणतात त्या बाटलीत साखर असते, मीठ फार कमी. पूर्वी आम्ही सर्रास तीच लावायचो. पण ऑपरेशनच्या ताणात शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात असं फिकं पाणी गेलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. उलट्या झालेल्या पोराला तर धोका जास्तच. म्हणून आता रिंगर, म्हणजे जवळपास रक्ताइतकंच मीठ असलेलं सलाइन द्यायचं, हवी तर त्यात थोडी साखर घालून. मागच्याच महिन्यात हे मी शिकाऊ डॉक्टरांना टेबलावर हात आपटून शिकवलं होतं.

अर्धा तास झाला होता. मी बाटली बदलली, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, तपासायला रक्त पाठवलं, सर्जनला सांगितलं.

"अर्ध्या तासानं काही होत नाही," तो म्हणाला आणि टाके घालून पुढच्या हॉस्पिटलला निघून गेला.

मुलगी नीट जागी होईना. डोळे उघडायची, मिटायची. ही माझ्या भुलीची गुंगी की माझ्या बाटलीची, हे रिपोर्टशिवाय सांगता येत नव्हतं. कॉटच्या एका बाजूला मी बसलो, दुसऱ्या बाजूला वडील.

"इतका येळ झोपत्यात का ओ?" त्यांनी विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं. मी सगळं सांगितलं.

ते माझ्याकडे वळले. "लक्ष कुठं व्हतं तुमचं?"

"गोष्ट सांगत होतो."

"कुणाला?"

"तिथल्या लोकांना."

मुलीचा हात माझ्या बाजूला होता, तो त्यांनी उचलून स्वतःच्या हातात घेतला.

तासाभरानं रिपोर्ट आला. सोडियम किंचित कमी, घाबरण्यासारखं नाही. तेवढ्यात मुलीनं डोळे उघडले आणि आई कुठंय म्हणून विचारलं. मी तिला नाव विचारलं, बोटं मोजायला लावली. तिनं बरोबर मोजली. संध्याकाळी पुन्हा रक्त तपासा, असं सिस्टरला लिहून दिलं. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. मुलगी वडिलांना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, मी ऐकत होतो.

वडिलांनी वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"डॉक्टर, आता तुमी गेलात तरी चालंल."