फोडलं नाही, उघडलं

चौकातल्या किल्लीवाल्याला सगळं जमायचं, गप्प बसणं सोडून. कुणी किल्ली हरवून आलं की हा आधी त्याला यथेच्छ झापायचा, मग कुलूप उघडून द्यायचा. आणि "जरा कुलूप फोडून द्या" असं कुणी म्हणालं, की संपलंच! तळपायाची आग मस्तकात. "फोडतो तो गुंड. मी उघडतो," असं तो ठणकावून सांगायचा. बायकोला ते ऐकून ऐकून वीट आला होता. एकुलती एक लेक मात्र टपरीवर बसून बापाचे हात बघायची, शिकायची, आणि बापाला त्याचा कोण अभिमान!

तो अभिमान अंगाशी आला. पंधरा वर्षांच्या पोरीने मैत्रिणींशी पैज लावून मोबाइलच्या दुकानाचं कुलूप उघडलं. मैत्रिणींनी दोन फोन उचलले. दुसऱ्याच दिवशी फोन सापडले, मुलीही सापडल्या, आणि हिची रवानगी मुलींच्या निरीक्षणगृहात झाली. पोर आता वर्षानुवर्षं गजाआड राहणार, तिच्या जन्माचं वाटोळं झालं, असं बाप धरूनच चालला होता.

"आज कृपा करून तोंडाला कुलूप घाला," मुलांच्या कोर्टाच्या दारात बायकोने बजावलं. वकिलांनीही तेच सांगितलं होतं. चोरीच्या वेळी पोरगी दुकानापाशी नव्हतीच, असं ते म्हणणार होते.

आत शिरल्यावर किल्लीवाला चक्रावलाच. ना पिंजरा, ना गणवेशातला पोलीस. साधं लांब टेबल, न्यायाधीश मॅडम आणि शेजारी दोन सदस्य. पोरीला त्यांनी समोर खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. टेबलावर पिशवीत ते कुलूप ठेवलेलं होतं.

"माझं कुलूप फोडून चोरी केली," दुकानदार म्हणाला.

वकील उठले. "मॅडम, असलं दणकट कुलूप फोडायला अंगात ताकद लागते. ही पोर बघा, फुंकर मारली तर उडून जाईल. कुणा दांडगटाने फोडलं असणार!"

किल्लीवाल्याने ओठ चावले. बायकोने त्याचा हात दाबून धरला. पण दुकानदार आणि वकील दोघंही आपले फोडलं, फोडलं करत सुटले, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"अहो, फोडलं नाही, उघडलंय!" तो ताडकन उभा राहिला. "एक ओरखडा तरी दाखवा! इतकं नाजूक काम माझ्या पोरीशिवाय कुणाला..."

जीभ अर्ध्यावर थांबली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वकिलांनी कपाळाला हात लावला. बायकोने डोळे मिटून घेतले.

मॅडम पोरीकडे वळल्या. "बाबा म्हणतात ते खरं का गं?"

"हो. मीच उघडलं." पोरीचा बांध फुटला. "त्या म्हणाल्या, तुला जमणारच नाही. मला फक्त दाखवायचं होतं. त्यांनी फोन उचलले तेव्हा नको म्हणायला हवं होतं. पण म्हणाले नाही."

घरी आणि शाळेत जाऊन चौकशी करून आलेल्या अधिकारी ताई पोरीच्या बाजूने बोलल्या. मॅडम दोन्ही सदस्यांशी हळू आवाजात बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुकानदारांची माफी मागायची. वर्षभर दर शनिवारी या ताईंना भेटायचं. शाळा बुडवायची नाही."

"आणि आत किती वर्षं?" किल्लीवाल्याने हात जोडले. "मॅडम, मला काय हवी ती शिक्षा द्या. शिकवलं मीच."

"आत कुठे? पंधरा वर्षांची आहे हो ती. हिच्या नावाला कायमचा डाग लागणार नाही. घरी घेऊन जा."

"घरी? कधी?"

"आत्ता."

किल्लीवाला मटकन खालीच बसला. बायको डोळे पुसता पुसता हसत होती. पोरगी उठून जवळ आली, मान खाली घालून म्हणाली, "बाबा, रागावलात?"

रागावायचं तर त्याने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. काय काय सुनवायचं तेही ठरलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ!

"सकाळपासून काही खाल्लंस का?" एवढंच तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत रडायला लागला.