विसरणं की थांबणं

माझा मामा नाटकात प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, ओळीवर बोट, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. वीस वर्षांत त्याने तीसेक नाटकं अशी वाचली. पाहिलं एकही नाही. त्यामुळे नाटक म्हणजे गोष्ट, बाकी सगळा कपडेपट, असं त्याचं ठाम मत. घरी जेवताना तो अख्खं नाटक सांगतो, तेही औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा आवाजात. मामीचं उलट. गोष्ट पाठ असली तरी ती पुन्हा जाते, नट खुर्चीतून कसा उठतो ते बघायला. "यांच्याकडून नाटक ऐकलं की कोण मेलं ते कळतं," ती म्हणते, "वाईट मात्र वाटत नाही."

नव्या नाटकात घोळ झाला. तिसऱ्या अंकात बाप मुलाचं पत्र वाचतो आणि बराच वेळ गप्प राहतो. पहिल्या प्रयोगाला मामाला वाटलं, बापाचं काम करणारा हिरो विसरला. त्याने तत्परतेने वाक्य दिलं, 'तो येणार नाही.' हिरो गप्पच. मामाने आणखी मोठ्याने दिलं. तिसऱ्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं की तो येणार नाही, आणि लोक हसले. दिग्दर्शकाने शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर यापुढे प्रॉम्प्टरशिवाय प्रयोग करू.

मामा दोन दिवस जेवताना बोलला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हाला कळलं. विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस ओळखायचा कसा? पानावर दोघं सारखेच दिसतात. मामीने भाजी वाढता वाढता सुचवलं, "अहो, बोटाकडे काय बघता, त्याच्या तोंडाकडे बघा की."

रविवारी दुपारच्या प्रयोगाला मामी प्रेक्षकांत होती आणि मी विंगेत, मामाला धीर म्हणून. पत्र आलं. मामाने मान वर केली. हिरोने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं, चष्मा काढून पुसला. ओठ हलले, आवाज नाही. मामाचं बोट ओळीवरून कधीच घसरलं होतं, आणि डोळे भरले होते. शेवटी हिरो तसाच खुर्चीत बसला आणि थेट पुढच्या पानावरून बोलू लागला. टाळ्या थांबेनात.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाने मामाच्या पाठीवर थाप मारली. नोकरी राहिली. त्याच्यामागून हिरो आला, घामाघूम. सगळं थिएटर मामाला मामाच म्हणतं.

"मामा, वाक्य का नाही दिलंत? माझी पाटी पार कोरी झाली होती."

मामा जरा ओशाळला. मग म्हणाला, "तुम्ही इतकं सुंदर विसरलात, मध्ये बोलवेना."

घरी मामी त्या शांततेबद्दल बोलून थकेना. अर्धं पान गळालं, हे तिच्या गावीही नव्हतं. मामाने खरं काय ते सांगितलं नाही. मीही नाही.